रुख्मिणीची शपथ

गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. यंदा भादव्यात गंगेला पूर आला तेव्हा मी आणि माझा मेहुणा सिताराम मेंढरं घेऊन पालमकडच्या नदीकाठी एका उंचवट्यावर होतो. सकाळी उठून पाहिलं तर चारी बाजूंनी पाणी. तहसीलला फोन लावला. गावं बुडाली आहेत, नाव आधी तिकडं जाईल, तुम्ही धीर धरा, असं सांगण्यात आलं. मग फोनही बंद पडला.

जवळ थोडं ज्वारीचं पीठ, मीठ, मिरच्या आणि गुळाचा खडा होता. पीठ पाण्यात शिजवून पातळ करून प्यायचो. कोकरांचं पोट भरल्याशिवाय आम्ही दूध काढत नाही, आणि चारा संपल्यामुळं मेंढ्याही आटत चालल्या होत्या. पहिल्यांदा भूक फार लागते. नंतर ती गप्प होते आणि पाय जड होतात. उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. सितारामचं तोंड मात्र चालूच होतं, बायकोच्या हातच्या जेवणावर.

"दाजी, मालन रोज बेसन करायची तं मी तोंड वाकडं करायचो. आता म्हणावं, आण, परातभर आण."

सितारामला साखरेचा आजार. सकाळी तो न चुकता गोळी घ्यायचा. पोटात काही नाही, गोळी राहू दे, असं मी सांगून पाहिलं. तो ऐकेना. चैत्रात माझी बायको दवाखान्यात शेवटच्या दिवसांत होती. तिलाही हाच आजार. तिनं या धाकट्या भावाचा हात धरून शपथ घातली होती, की गोळी चुकवायची नाही आणि गोडाला हात लावायचा नाही.

पण गोळीचं दुसरं अंगही मी पाहिलं होतं. एका नवरात्रात उपास धरून तिनं गोळी घेतली आणि घामानं भिजून गेली. मलाच ओळखेना. परभणीच्या डॉक्टरनं तेव्हा सांगितलं होतं, की ही गोळी उपाशीपोटी घ्यायची नाही, आणि असं झालं तर लगेच साखर नाहीतर गूळ द्या.

सितारामचं तसंच झालं. दुपारी मेंढरं मोजता मोजता तो खाली बसला. हात थरथरायला लागले, अंगाला दरदरून घाम. मी गुळाचा तुकडा त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं दात घट्ट मिटले.

"अक्काची शपथ हाय," तो अडखळत म्हणाला. "गेलेल्या माणसाची शपथ कोण सोडवायचं, दाजी?"

आमच्यात ज्यानं शपथ घातली त्यानंच 'सुटली' म्हणायचं असतं. ते म्हणणारी तर राहिली नव्हती. बायकोचं नाव मी कधी तोंडानं घेतलं नव्हतं. तिला मी आमच्या पोरावरून 'सुरजची आई' म्हणायचो. ती गेल्यावर माझ्यासमोर कुणीच तिचं नाव काढत नसे.

मी त्याची हनुवटी धरली.

"सिताराम, माझ्याकडं बघ. रुख्मिणी म्हणती, सुटली. मी तिचा नवरा सांगायलोय. शपथ सुटली."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग लहान लेकरासारखं त्यानं तोंड उघडलं. गुळावर मी त्याला वाटीभर दूध पाजलं. त्या दिवशी पहिल्यांदा कोकरांच्या आधी दूध काढलं.

हळूहळू घाम वाळला. त्याची नजर ठिकाणावर आली.

"दाजी, तुमी तिचं नाव घेतलं?"

"घेतलं."

"मंग गोळीचं?"

"पोटात भाकर पडल्यावर. तेबी डॉक्टरला इचारून."

"लय हुशार हायेत. अक्का असती तं तुमाला बोलू दिलं असतं का?"

आम्ही दोघं हसलो. हसायलाही दम लागत होता.

दुसऱ्या दिवशी नाव आली. दवाखान्यात सितारामला तपासलं आणि गोळी बदलून दिली. मालनबाईनं आम्हाला आधी पातळ वरण-भात दिला, तोही थोडा थोडा. सिताराम आता बरा आहे, रोज मेंढरांमागं जातो.

त्याला वाचवलं याचं मला समाधान आहे. पण ती गेल्यावरही तिचं म्हणणं चालत होतं अशी ही शपथ एकच गोष्ट उरली होती, आणि ती मी सोडवली. आता मी तिचं नाव घेतो. रानात एकटा असलो की मोठ्यानं घेतो.