लाल ट्रे

“बोल्ट उघडत नाहीये, काका. कुणी कापल्या या पुंगळ्या?” सुनेत्राने चाचणीची रायफल टेबलावर ठेवली. तिचा आवाज चढला होता.

“मीच. माझ्याशिवाय इथे कोण कापतं?” जगदीश म्हणाला.

“चष्मा बदला, हे मागेच सांगितलं होतं,” प्रेसपाशी उभा असलेला नरेश भिंतीकडे पाहत बोलला.

परदेशातल्या या काडतुसांच्या प्रयोगशाळेत जगदीश आणि नरेशचे बोलणे वर्षभर बंद होते. जगदीशची नजर अधू झाल्याची तक्रार नरेशने सुनेत्राकडे केली, तेव्हापासून. एकाच बसने येत, दोन टोकांना बसत. काम मात्र अडत नसे. बोलण्याची जागा ट्रेने घेतली होती. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फुगते. पुन्हा भरण्यासाठी नरेश ती साच्यातून दाबून पूर्ववत करी. दाबताना पितळ लांबते, म्हणून जगदीश ती त्यानंतर मोजून कापी. निळ्या ट्रेमध्ये दाबायच्या, लाल ट्रेमध्ये दाबलेल्या. लांबी जास्त राहिली, तर पुंगळीचे तोंड नळीत चेपते, गोळीला आवळते आणि दाब धोक्याच्या पातळीवर जातो. आज तेच झाले होते.

सुनेत्राने उरलेल्या काडतुसांना कॅलिपर लावला. “सगळ्या पुंगळ्या लांब. महिनाअखेरीला तुमचा वर्क पास संपतोय, तो रिन्यू झाला नाही तर इथलं काम सुटेल. कशाच्या जोरावर सही करू मी?”

“लाल ट्रेमध्ये न दाबलेला माल आला होता. मी कापल्यावर यानं तो दाबला.”

“उगाच माझ्यावर ढकलू नका!” नरेश उसळला. “कशावरून?”

“कापताना ट्रिमरची खुंटी पुंगळीच्या तोंडात खडखडत होती. दाबलेल्या पुंगळीत ती घट्ट बसते.”

सुनेत्रा नरेशकडे वळली. “खरंय?”

“गोळी तोंडात टिकेना, तेव्हा कळलं. मग दाबल्या.”

“आणि परत कापायला का नाही दिल्या?”

“ह्यांच्याशी बोलावं लागलं असतं.”

मग सुनेत्राने विचारले, “आणि काका, खुंटी खडखडली, तरी तुम्ही विचारलं नाहीत?”

जगदीशने कॅलिपर रुमालाने पुसला. “नाही.”

“रायफल माझ्या गालाला टेकलेली होती.” तिने हातमोजे काढले. “नरेशला मेमो मिळेल. तुमच्या पासचा अर्ज मी पाठवणार नाही. शंका तुम्हाला आली होती.”

महिन्याच्या, आणि जगदीशच्या नोकरीच्या, शेवटच्या दुपारी पुलाउ उबीन बेटाकडे निघालेली प्रवाशांची छोटी बमबोट खिडकीतून दिसत होती. नरेशने लाल ट्रे सरकवला. जगदीशने ट्रिमरला हात लावला नाही.

“दाबल्यात ना?”

“लाल ट्रे आहे. दिसत नाही का?”

“दिसतोय. तरी विचारतोय.”

नरेशने प्रेसचा दांडा उगाचच खालीवर केला. बमबोट खिडकीच्या चौकटीबाहेर गेली. जगदीश उभाच होता.

“दाबल्यात,” नरेश म्हणाला.

जगदीशने पहिली पुंगळी खुंटीवर चढवली. ती घट्ट बसली.