पुस्तकापेक्षा बोटभर उंच

मी लाकडाचा ठोकळा. उभं राहणं हे माझं काम. बोलायची वेळ एकदाच आली, म्हणून सांगतो.

संग्रहालयात दुर्मिळ पुस्तकांची एक खोली आहे. तिथल्या प्रत्येक पुस्तकाचा एक ठोकळा असतो. पुस्तक बाहेर गेलं की त्याच्या जागी ठोकळा उभा करतात, म्हणजे शेजारची पुस्तकं कलंडत नाहीत. ठोकळ्यावर चिठ्ठी लावतात : कोणी नेलं, कशासाठी नेलं. सुताराने मला पुस्तकाला लावून मापलं आणि कापलं. केसाचाही फरक नव्हता.

माझं पुस्तक हाताने लिहिलेलं, झाडपाल्याच्या औषधांचं. समासात पुढच्या वैद्यांनी बारीक अक्षरांत आपापले अनुभव टिपलेले. मी ते वाचलेलं नाही. ते फळीवर असलं की मी खणात, मी फळीवर असलो की ते बाहेर. फळीवर आम्ही शेजारी शेजारी कधी उभे राहिलो नाही.

एकदा त्याची शिवण सुटली. बाइंडरने दुरुस्तीला नेलं. बारा दिवस मी जागा धरली. पुस्तक परत आलं तेव्हा त्याच्या कडा दोरी लावल्यासारख्या सरळ होत्या. तेव्हाच्या साहेबांनी बाइंडरची पाठ थोपटली. शिपायाने एका हाताने मला काढलं, दुसऱ्या हाताने पुस्तक सरकवलं. पुढे तीस वर्षं मी खणात होतो. ते पुस्तक कोणी मागत नसे.

मग खोलीचा कारभार एका बाईंकडे आला. त्यांनी प्रत्येक पुस्तकाला पेटी करायची ठरवली. पुस्तकांना उगीच हात लागू नये म्हणून मापं ठोकळ्यांची घेतली. सगळी पुस्तकं पेट्यांत चपखल बसली. माझं पुस्तक मात्र त्याच्या पेटीत खडखडलं. बाईंनी मला त्याच्या शेजारी धरलं. मी बोटभर उंच.

संग्रहालयाचे आताचे साहेब म्हणाले, पुस्तक बदललंय. खरं विकलं, नक्कल ठेवली. किल्ली इतकी वर्षं शिपायाकडे, आणि त्याच्या निवृत्तीला तीन आठवडे. त्याचे कागद अडकले. तो बाईंना म्हणाला, मला धड वाचता येत नाही, चोरायचं तर मी खुर्ची नेली असती. हसलं कोणी नाही. त्याने जेवणाचा डबा उघडायचं सोडलं.

पुस्तक तपासायला म्हाताऱ्या बाइंडरला बोलावलं. त्याने शिवणीवरून अंगठा फिरवला आणि खुर्चीत बसला.

"पुस्तक तेच आहे, बाई. कडा मी कापल्या."

"का?"

"वाकड्या दिसत होत्या."

बाईंनी समासातल्या टिपा वाचून दाखवल्या. ओळी अर्ध्यावर तुटलेल्या. औषधाचं नाव होतं, किती द्यायचं ते कापलं गेलं होतं. तिसऱ्या टिपेला तो म्हणाला, "पुरे." मग कागद मागून घेतला, सगळं लिहिलं, सही केली.

दारात शिपाई उभा होता. म्हणाला, "तीस वर्षं किल्ली माझ्याकडे, आणि सुरी तुझ्याकडे. मला आधी सांगितलं असतंस तर?"

"काय कापलं ते आज कळलं रे," बाइंडर म्हणाला. "त्या दिवशी वाटलं, झकास झालंय."

शिपाई ठरल्या दिवशी निवृत्त झाला. बाइंडरने त्यानंतर काम घेतलं नाही.

सुतार म्हणाला, ठोकळा तासून पुस्तकाएवढा करतो, दोन मिनिटांचं काम. बाईंनी नको म्हटलं. पेन्सिलीने माझ्या अंगावर एक रेघ ओढली : पुस्तक आता इथवर.

दुरुस्तीचं काम शिकायला येणाऱ्यांच्या हातात आता पहिल्या दिवशी मला देतात. सुरी नंतर. त्यांतला एखादा विचारतो, रेघेच्या वरचं हे काय. बाई सांगतात, गेलेलं.

मला रंधा लावू नका. एवढंच मागणं आहे. रेघेच्या वरचं लाकूड माझं नाही, त्या पुस्तकाचं आहे.