शामकलाबाईंचा गंधार

मित्रांनो, मला तारा नाहीत, भाता नाही, आणि वीज गेली की आवाजही नाही. मी आहे एक डिजिटल पियानो. २००७ साली अर्जुनी मोरगावच्या बुद्धविहारात आलो, तेव्हा माझ्यापेक्षा माझ्या खोक्याचंच कौतुक जास्त झालं.

मला वाजवायची समीक्षा. अंगणवाडीत नोकरी करायची आणि हाती घेतलेलं काम सोडायची नाही. गायनमंडळात पुढे गायच्या शामकलाबाई. दिवसभर धानाच्या बांधीत राबून संध्याकाळी ताठ बसून गाणाऱ्या. पहिल्याच तालमीत त्या दोन ओळींवर थांबल्या.

"पोरी, तुह्या पेटीचा ग चढून राहिला. मी याच्यासंग नाही गात."

"मग सीडी लावू," समितीचे यादोराव म्हणाले. "सीडीले रुसणं माहीत नाही."

मला फार लागलं. पण बाईंचा कान खोटा नव्हता. सगळ्या पट्ट्यांत चालावं म्हणून कारखान्यानं माझे सूर सारख्या अंतरावर बसवून दिले होते, त्यामुळे ग जरा चढाच राहिला होता. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला महिना उरला होता. बाई गाणार की सीडी वाजणार, ते आता समीक्षावर आणि माझ्यावर होतं.

समीक्षानं माझं माहितीपुस्तक काढलं. इंग्रजी बेताचंच, पण शब्दकोश घेऊन ती त्याला भिडली. माझ्या पोटात सात स्वरमेळ होते, म्हणजे सूर लावायच्या सात पद्धती, बरेचसे युरोपात तीन-चारशे वर्षांपूर्वी वापरात असलेले. ती एकेक लावून ऐकू लागली. एकात ग आणखीच चढला. शेवटी शुद्ध मेळ लावला, तेव्हा तो अलगद खाली आला. पोरगी हरखून गेली आणि त्या भरात तिनं माझा घुमाराही पार शेवटपर्यंत वाढवला.

बाई गायच्या काळी पाचच्या पट्टीत. सूर लावून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"ग बसला वं, पण प कुठी पळाला? अन् हे हंड्यात बोलल्यावानी काऊन वाजून राहिलं?"

चूक समीक्षाची होती. मेळ कुठल्या 'सा'पासून मोजायचा, हे तिनं मला सांगितलंच नव्हतं. मी आपला पांढरी एकपासून मोजत बसलो होतो. तिनं 'सा' काळी पाचवर नेला, घुमारा एकवर आणला. त्या दिवशी बाई पूर्ण कडवं गायल्या.

पण माझी एक खोड आहे. बंद झालो की लावलेलं सगळं विसरतो. भारनियमन तर रोजचंच. म्हणून समीक्षानं ती बटणं डोळे मिटून दाबायचा सराव सुरू केला.

कार्यक्रमाच्या दुपारी मांडव भरला, आणि ऐन गाण्यात वीज गेली. जनरेटर लागला, मी जागा झालो तो कोऱ्या डोक्यानं. यादोराव सीडी घेऊन उठले.

"थांबा काका, मले दहा सेकंद द्या!"

बाई थांबल्याच नव्हत्या. वीज गेल्यापासून माइक नाही, साथ नाही, तरी एकट्या गात होत्या. समीक्षानं मेळ लावला, 'सा' लावला, घुमारा कमी केला आणि बाईंच्या गंधारावर बोट ठेवलं. बाईंनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. एवढं मोठं कौतुक माझं पुन्हा कुणी केलं नाही.

आता माझ्या तीन कळा दबत नाहीत. नवी मुलं येतात, बटण दाबतात आणि थेट वाजवू लागतात. मित्रांनो, माझी धूळ पुसायची राहिली तर राहू द्या. पण वाजवण्याआधी गाणाऱ्याला विचारा, "मावशी, तुमचा सा कोणता?" आणि तो मला सांगा.