प्रश्नावलीत नसलेला पेला

मित्रांनो, मी एक जुना काचेचा पेला आहे. बुडाशी माझा एक टवका उडालेला आहे, तो आधीच सांगून टाकतो. मागाहून कोणी म्हणायला नको, की पेल्याने लपवले.

पेरू देशातल्या लिमा शहरात, एका भट्टीत फुटक्या बाटल्या वितळवून मला घडवले. म्हणजे हा माझा पहिला जन्मही नव्हे. आम्ही चोवीस भावंडे पेंढ्यात बसून डोंगर चढलो आणि वानकायो शहरात विद्यापीठाच्या फाटकासमोर दोन्या ऑक्तावियाच्या, म्हणजे ऑक्ताविया बाईच्या, गाडीवर कामाला लागलो. ती एमोलिएंते विकते. भाजलेले सातू, जवस आणि औषधी पाल्याचा गरम काढा, वरून लिंबू. सकाळच्या थंडीत विद्यार्थी मला दोन्ही हातांत धरत, तेव्हा कोण पितो आहे आणि कोण नुसते हात शेकतो आहे, ते मला बरोबर कळे.

पेला रिकामा झाला की पुढे करायचा. दोन्या त्यात थोडे वाढीव ओतते. त्याला यापा म्हणतात. उभे राहून पिणाऱ्यालाच यापा. मग मी एका बादलीत, तिथून दुसऱ्या बादलीत आणि पुन्हा नव्या हातात. अठरा वर्षांत किती ओठ लागले, ते मोजणे मी पहिल्या हजारानंतर सोडून दिले. एक म्हातारे ग्रंथपाल म्हणत, काढा या पेल्यातूनच प्यावा. पुढे मुलांना घाई झाली. झाकणाचे प्लास्टिकचे कप आले, आणि कोपऱ्यावरचे कचऱ्याचे पिंप आठ वाजायच्या आत भरू लागले. चोवीसांतले आम्ही नऊ उरलो.

नेलिदा मात्र थांबे. विद्यार्थ्यांना पर्यावरणाविषयी काय वाटते, यावर ती पदवीचा प्रबंध लिहीत होती. माझ्यातून पीत पीतच, गाडीच्या फळीवर कागद ठेवून तिने प्रश्न लिहिले. त्यात एक होता: गरम पेयासाठी तुम्ही काय पसंत कराल? पुढे दोन चौकटी. प्लास्टिकचा कप, कागदी कप. मी कागदापासून वीतभर अंतरावर होतो. जमले असते तर खाकरलो असतो.

शंभरांपैकी त्र्याण्णव जणांनी कागदी कपावर खूण केली. ‘मी एकदाच वापरायच्या वस्तू टाळतो’ यापुढे बहुतेकांनी ‘नेहमी’ लिहिले. काहींनी तर डाव्या हातात प्लास्टिकचा कप धरून लिहिले. मी त्यांना खोटारडे म्हणणार नाही. लिहिताना ते खरेच तसे होते, कागदापुरते.

विद्यापीठाला तो आकडा फार आवडला. महिनाभरात नियम आला: फाटकासमोरच्या गाड्यांवर फक्त कागदी कप. दोन्याने आम्हां नऊ जणांना वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात घातले.

दुसऱ्या दिवशी नेलिदा आली. “मावशी, माझा पेला?”

“बंद झाला, पोरी. तुझ्याच कागदाने.”

“मी तर प्लास्टिकच्या विरुद्ध लिहिलं होतं.”

“हे का ते, एवढंच विचारलंस. मग रोज सकाळी मी बादलीत काय बुचकळत होते, मांजर?”

“सुचलंच नाही हो. रोज हातात होता तरी.”

“माझा नवरा असाच टोपी शोधायचा, डोक्यावर घालून.”

नेलिदा हसली नाही. ती प्रबंधाचे मार्गदर्शक प्राध्यापक सालदीवार यांच्याकडे गेली. परत येऊन तिने दोन्याला सारे सांगितले, ते मी खोक्यातून ऐकले. चूक कबूल केली तर पाहणी पुन्हा करावी लागणार होती, म्हणजे पदवी सहा महिने लांबणार. आणि तिच्या गावच्या शाळेतली जागा डिसेंबरपर्यंतच तिच्यासाठी थांबणार होती. सर म्हणाले होते, “आधी पदवी घे. चूक काय, नंतरही लिहिता येईल.”

“मग घे की,” दोन्या म्हणाली. “काच काही नासत नाही खोक्यात.”

“तुमच्या प्रत्येक कागदी कपावर माझं नाव असेल, मावशी.”

“ते कोण वाचतंय गं?”

“मी.”

तिने प्रबंध मागे घेतला. शाळेतली जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. नव्या पाहणीच्या अभ्यासापुरती म्हणून विद्यापीठाच्या समितीने आम्हांला पुन्हा गाडीवर यायची एका सत्राची परवानगी दिली. आता नेलिदा कोणाला काही विचारत नाही. सकाळी दोन तास गाडीजवळ उभी राहून कोणाच्या हातात काय आहे, ते टिपते. पहिल्या दिवशी कागदी कप एकशे चाळीस, पेले अकरा. त्या अकरांत मी दोनदा होतो.

सत्र संपले की समिती तिची वही पाहील आणि आम्ही गाडीवर राहणार की खोक्यात, ते ठरवील. मित्रांनो, त्या वहीत काय लिहिले जाईल ते तुमच्या हाती आहे. माझ्याविषयी चांगले मत द्या, असे मी म्हणत नाही. कागदावरची चांगली मते मी पुष्कळ पाहिली. पिऊन होईपर्यंत जरा थांबा आणि मला परत द्या. माझे सगळे आयुष्य तेवढ्या पाच मिनिटांवर चालते.