एक जूनची तालीम

गेल्या वर्षी एक जूनला सकाळी सहा वाजता आईने स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला आणि म्हणाली, "गेली वीज. आता रडा."

एक जूनला आमच्या बेटावर वादळांचा मोसम सुरू होतो. काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या वादळानंतर डोंगरातल्या आमच्या वस्तीत साडेतीन महिने वीज नव्हती. तेव्हापासून आई वर्षातून एक दिवस, सगळं धडधाकट असताना, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत घरातली वीज स्वतःच बंद ठेवायची. दिवसभरात जे अडेल ते ती फडताळाच्या दाराला आतून पेन्सिलीने लिहून ठेवी. पहिल्या वर्षीची ओळ अजून वाचता येते: "डबे उघडायचं यंत्र विजेवर चालणारं. फडताळ भरलेलं आणि माणसं उपाशी." दुसऱ्या वर्षीची: "फोन बिनतारी. तोही मेला." तिसऱ्या वर्षी फक्त "एलादिओ" एवढंच. एलादिओ म्हणजे माझे बाबा. थंड पाण्यासाठी त्यांनी त्या दिवशी नऊ वेळा फ्रीज उघडला होता. पुढच्या वर्षीपासून फ्रीजच्या दाराला चिकटपट्टी लागायला लागली.

मी राजधानीत, सान हुआनला एका ग्रंथालयात असते. तालमीला त्या वर्षी पहिल्यांदाच आले होते.

"ग्रंथपालबाई," आई म्हणाली, "संडासात पाणी किती ओतायचं ते तुमच्या पुस्तकांत दिलंय का?"

"भरपूर."

"भरपूर म्हणे! एलादिओ, ऐकलंस का? पंप बंद, नळ कोरडा, आणि ही बया भरपूर ओतणार."

"शहरात असतंच भरपूर," बाबा बाहेरून म्हणाले. "तिला बोलू नकोस. दमून आलीय."

"बसून गाडीतून आलीय. दमली म्हणे."

तिने मला अर्धी बादली उंचावरून एका दमात ओतायला शिकवलं. मग ओलं फडकं गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात बाबांचं इन्सुलिन कसं ठेवायचं ते दाखवलं, आणि फडकं दिवसातून किती वेळा भिजवायचं ते माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं. गॅसवर तूर घालून भात शिजत होता. कॉफी कापडातून गाळून झाली होती. पंखे बंद असल्यामुळे तिचा ब्लाऊज पाठीला चिकटला होता आणि ती अगदी खुशीत होती.

मी तिला एक गोष्ट सांगायला आले होते. मोठ्या वादळानंतर मी एकोणिसाव्या दिवशी घरी पोचले आणि रस्ता बंद होता असं सांगितलं. ते खोटं होतं. आमच्या बाजूचा रस्ता एका गाडीपुरता मोकळा झाल्याचं मी चौथ्याच दिवशी रेडिओवर ऐकलं होतं.

दुपारी आम्ही दोघी परसात केळीचा घड उतरवत होतो. मी "आई" म्हटलं. ती म्हणाली, "खालून धर, नाहीतर पायावर घेशील." मी खालून धरला. घड आत नेला. सूर्य मावळला, तिने स्विच वर केला, फ्रीज घुरघुरला आणि बाबांनी टाळ्या वाजवल्या.

नऊ जूनला ती परसातच कोसळली. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. घरातले सगळे दिवे लागत होते.

वर्षभर मी बाबांना सान हुआनला चला म्हणत होते. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, मधुमेह, डोंगर, एकटा. ते दर वेळी ऐकून घेत आणि हवापाण्याचं बोलत. शेवटी या मे महिन्यात मी फोनवर म्हटलं, "एक जूनची तालीम तुम्ही एकट्याने करून दाखवा. मी हात लावणार नाही. जमली तर राहा. नाही जमली तर सामान बांधायचं."

"परीक्षा होय?" ते म्हणाले. "मार्क कोण देणार? तू देणार असशील तर मी आत्ताच नापास."

ठरलं की मार्क दोन्या प्रोबी देतील. त्या शेजारच्या; दोन्या म्हणजे आमच्याकडे बाई. मोठ्या वादळात त्यांचं छप्पर गेलं तेव्हापासून वीज येईपर्यंत त्या आमच्याच घरी राहिल्या होत्या.

एक जूनला मी उजाडायच्या आधीच उठले. बाबा माझ्या आधी उठले होते. पिंपं काठोकाठ भरलेली, फ्रीजला चिकटपट्टी, मडकं सावलीत. सहाला त्यांनी स्विच खाली ओढला. क्षणभर हात तिथेच ठेवून उभे राहिले, मग कॉफीला लागले.

दोन्या प्रोबी आठला आल्या आणि व्हरांड्यात पुठ्ठ्याने वारा घेत बसल्या.

"मी नुसती बसून राहणार आहे," त्या म्हणाल्या. "परीक्षकाला जेवण असतं ना?"

"खारा मासा आणि उकडलेली केळी."

"मग एक मार्क आधीच दिला."

मी दिवसभर चूक शोधत होते, हे कबूल करते. त्यांनी दहाला फडकं भिजवलं, एकला भिजवलं, चारला भिजवलं. औषध वेळेवर घेतलं. काडेपेट्या झाकणाच्या बरणीत होत्या. दुपारी ते फ्रीजकडे गेले. मी पुस्तकातून मान वर काढली. त्यांनी चिकटपट्टीवर बोट फिरवलं आणि पिंपातलं कोमट पाणी प्यायले.

"शिव्या मनातल्या मनात दिल्या," ते म्हणाले. "त्याचे मार्क कापत नाहीत ना?"

अर्धी बादली, उंचावरून. संडासातून तो आवाज आला आणि मी पान उलटलं, न वाचता.

पाचला दोन्या प्रोबींनी पुठ्ठा खाली ठेवला. "हे बघ, इराइदा, मला तुझ्या मनासारखं बोलता आलं असतं. पण या म्हाताऱ्याने मला कारणच ठेवलेलं नाही. पास."

"पैकीच्या पैकी?" बाबांनी विचारलं.

"माशात मीठ राहिलं होतं. एक कमी."

बाबा हसले. बऱ्याच महिन्यांनी त्यांचे सगळे दात दिसले. मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मी वाद घालायला लागले.

"हा एक दिवस झाला, बाबा. तो साडेतीन महिने टिकला तर? आई नाही आता. तुम्हाला काही झालं आणि कुणी पोचूच शकलं नाही तर?"

"तेव्हा तरी कोण पोचलं होतं?" ते शांतपणे म्हणाले. "एकोणीस दिवस रस्ता नव्हता. तरी आम्ही तिघं होतोच ना जिवंत? तुझ्याकडे कुणी बोट दाखवलं का? वस्तीत कुणी काही म्हटलं की तुझी आई त्याचं तोंड बंद करायची. म्हणायची, रस्ता उघडला आणि माझी पोरगी दुसऱ्या दिवशी दारात उभी राहिली."

दोन्या प्रोबींनी पुठ्ठा पुन्हा उचलला, पण वारा घेतला नाही. त्याच रस्त्याने पाचव्या दिवशी आई आणि दोन्या प्रोबी, दोघी पाण्याच्या टँकरपाशी चालत गेल्या होत्या. त्या टँकरबद्दल आईनेच मला सांगितलं होतं. कितवा दिवस ते सांगितलं नव्हतं; ते मला पुढे दोन्या प्रोबींकडून कळलं. म्हणजे रस्ता उघडा असल्याचं आईला माहीत होतं, आणि तरी ती माझी बाजू घेत होती.

मला कळलं की माझी वर्षभराची सगळी बडबड बाबांच्या मधुमेहाबद्दल नव्हतीच. ते इथे राहिले तर पुढच्या वेळी रस्ता उघडल्यावर कुणालातरी निघावं लागणार होतं, आणि ते कुणीतरी मी होते. त्यांनी त्यांची परीक्षा दिली होती.

पंखे नव्हते, फ्रीज नव्हता. आवाज लपायला घरात कुठे जागाच नव्हती.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही इथेच राहा. पण आधी हे ऐका. रस्ता चौथ्या दिवशी उघडला होता. मी रेडिओवर ऐकलं. गाडीची किल्ली हातात होती. मी पंधरा दिवस निघाले नाही, कारण इथे काय दिसेल याची मला भीती वाटत होती. जोवर मी येऊन बघत नव्हते, तोवर माझ्यापुरते तुम्ही दोघं जिवंत होतात."