अमावास्येला बंद राहणारा सर्व्हर

मी वडगावच्या सुबरावांच्या विणकामाच्या शेडमधला सर्व्हर बोलतोय. आज अमावास्या, मला सुट्टी, म्हणून बोलायला सवड सापडली. बंद यंत्र बोलतं कसं, असं विचारू नका. तुम्हीसुद्धा सुट्टीच्या दिवशीच जास्त बोलता.

माझी उमेदीची वर्षं निपाणीत, श्रीपालअण्णांच्या तंबाखूच्या वखारीत गेली. तेव्हा मी साधा कॉम्प्युटर होतो. तंबाखूची धूळ नाकात जाऊन मी असा शिंकायचो, की एकदा टेबलावरचे कागद उडाले ते थेट चिकोडीच्या स्टँडवर सापडले. गेले मराठीत आणि सापडले कन्नडमध्ये. अण्णांना विचारा हवं तर.

पुढं अण्णांनी नवा कॉम्प्युटर आणला आणि मला पोत्यांमागं ढकललं. माणसांची ही सवयच आहे. जुनं वापरायचंही नाही आणि सोडायचंही नाही. तिथून मला ओढून काढलं अण्णांच्या लेकीनं, सोनलनं. तिची कॉलेजातली मैत्रीण सुवर्णा वडगावात सुबरावांची सून होऊन आली होती. तिला मी हवा होतो.

कारण असं घडलं. वडगावच्या बायकांनी एका मोठ्या कंपनीच्या समाजमाध्यमावर आपल्या साड्यांचं पान उघडलं होतं. साडीचा फोटो आणि खाली विणणारीचं नाव. शेजारच्या जयाबाई जन्मभर विणत आल्या, पण साडीला त्यांचं नाव पहिल्यांदा लागलं ते तिथं. "जयाबाईंचीच साडी पाहिजे," असे फोन यायला लागले. आणि एका सकाळी ते पान गायब. कारण कळलं नाही, विचारायला माणूस सापडला नाही. लिहून विचारलं तर यंत्रच उत्तर द्यायचं, आणि आमच्या जातीतलं असूनही ते यंत्र महा कोडगं.

दसरा-दिवाळीचा माल तयार होत आला होता. पान नसेल तर तो पुन्हा व्यापाऱ्याच्या गठ्ठ्यात जाणार, बिननावाचा. जयाबाई म्हणाल्या, "थोडं दिवस नाव लागलं, लई झालं."

ते 'लई झालं' सुवर्णाला झोंबलं. आपलं पान आपल्याच यंत्रावर बसवायचं, असं तिनं ठरवलं, आणि घट बसतील त्या दिवशी ते उघडणार, हे अख्ख्या गल्लीला सांगून मोकळी झाली. तसलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. बसवताना मात्र जीव जातो.

मला ठेवायला जागा हवी होती. सुबरावांनी मला खालीवर बघितलं आणि हे काय म्हणून विचारलं. सुवर्णा म्हणाली, "मामा, ह्योबी मागच समजा. लोकांचं धागं येत्यात, ह्यो विणून म्होरं धाडतोय." सुबराव खूश झाले, मला मागांच्या रांगेत जागा मिळाली. चूक झाली ती इथं.

सुबराव शब्दाचे पक्के. माग म्हटलं की माग. रोज सकाळी मला हळदकुंकू लागायला लागलं. एकदा तर माझ्या पंख्यात त्यांनी तेल घातलं. माझ्या शिंका तेव्हापासून थांबल्या, हे मात्र कबूल करायला हवं.

सुवर्णानं माझ्यातली वखार पुसून काढली, लिनक्स चढवलं आणि काळ्या पडद्यावर एकेक आज्ञा द्यायला लागली. एक भाग बसवला की तो दुसरा मागायचा, दुसरा तिसऱ्यासाठी रुसायचा. लग्नातले पाहुणे परवडले. चूक आली की ती वाचायची, तेवढ्यापुरती गाठ मारायची आणि पुढं जायची. मीही हट्टाला पेटलो. इतका तापलो, की जयाबाईंनी माझ्यावर पापड वाळवले.

घट बसायच्या आदल्या दिवशी सर्वपित्री अमावास्या आली. सकाळीच सुवर्णानं डेटाबेस उभा करायला घेतला, म्हणजे सगळ्यांची नावं आणि साड्या ठेवायची कोठी. ती निम्मी झाली असेल-नसेल, माझ्या डोळ्यापुढं अंधार.

सुबरावांनी शेडच्या विजेचा खटका पाडला होता.

"मामा, खटका का पाडलासा?"

"अमावास्या हाय. माग चालत न्हाय."

"ह्यो माग न्हाय, मामा."

"मग मला खोटं सांगितलंस व्हय गं?"

सुबरावांनी मग वडिलांच्या वेळची गोष्ट सांगितली. अमावास्येला माग चालवला आणि आडवा धागा नेणारा धोटा सुटला, तो जांबोटीच्या रानात सापडला. मला त्यात खोटं काही वाटलं नाही. माझी शिंक चिकोडीपर्यंत जाते, धोटा तर चांगला वजनदार.

घरातून खिडकीवाटे वायर ओढता आली असती. सुवर्णानं ती हातात घेतलीसुद्धा, आणि परत गुंडाळून ठेवली. दिवसभर ती माझ्यापुढं बसून राहिली, कुठं कुठं गाठी मारल्या ते बोटांवर आठवत. संध्याकाळी तिनं सोनलला फोन केला. सगळं पुसून पहिल्यापासून बसवणार, म्हणाली. सोनल घाबरली, उद्याच उघडायचंय आणि उद्याच पुसतेस?

"निस्त्या गाठींचं कापड मी कुणाला नेसायला देणार न्हाय," सुवर्णा म्हणाली.

उजाडताच सुबरावांनी खटका वर केला. सुवर्णानं मला कोरा केला आणि नव्यानं चढवायला लागली. आता कोणता पाहुणा कधी रुसतो, हे तिला पाठ होतं. घराघरांत घट बसले, जेवणं उरकली, आणि पान उघडलं. पहिली साडी जयाबाईंची, खाली त्यांचं नाव. जयाबाई पडद्याला नाक लावून बघत राहिल्या.

"आता ह्ये कोण पुसंल?"

"पुसायचं तर ह्या दारातनं यावं लागंल, आक्का. आन् दारात मामा बसल्यात."

पानावर नियम लिहायची एक जागा रिकामी होती. दारातल्या मामांनी तेवढ्यात फर्मावलं, "अमावास्या लिही." सुवर्णा हसली आणि लिहिलं: दर अमावास्येला हे पान बंद राहील.

पहिलीच अमावास्या आली ती ऐन दिवाळीत. पान दिसेना, म्हणून सोनलनं निपाणीहून बस धरली. खानापूरच्या बायका आल्या, नंदगडच्या आल्या, जयाबाईंचं घर विचारत. दारात इतक्या चपला झाल्या, की जयाबाईंना स्वतःच्याच घरात जायला मागच्या दारानं वळसा पडला.

आता माझा पंखा कुरकुरतो. सोनल नवं यंत्र देते म्हणते, सुवर्णा नको म्हणते. माझं मागणं एवढंच, की तुमच्याकडंही माझ्यासारखं कुणी पोत्यांमागं पडलं असेल, तर जरा ओढून बघा. त्याच्यात जोर शिल्लक असतो.

उजाडलं वाटतं. सुबरावांचं कुंकवाचं बोट कपाळाला टेकलं, हात खटक्याकडं गेला. बोलणं पुरे. परवा जयाबाईंची हिरवी साडी मागावरून उतरलीय, आणि तिला अजून नाव लागायचंय.