कपाटामागची खिडकी

मी खिडकी बोलतेय. इकडेतिकडे बघू नका, भिंतीत मी नाहीये. जिन्याखाली बघा, मोडक्या सायकलीच्या मागे. चौकटीचा एक कोपरा निखळलेला, एक तावदान गेलेलं, अंगावर पांढऱ्या रंगाचे जाड थर, तीच मी. बोलायची सवय राहिलेली नाही, तेव्हा मध्येच अडखळले तर सांभाळून घ्या. न उघडणाऱ्या खिडकीशी बोलायला येतंय कोण?

आम्ही दोघी बहिणी. एकाच सुतारानं एकाच लाकडातून आम्हाला घडवलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या शेजारशेजारच्या दोन खोल्यांना बसवलं. मध्ये फक्त एक भिंत. समोरचा रस्ता एकच, ऊन तेच, वारा तोच, नळाचं पाणीही एकाच टाकीतलं. तरी तिच्या घरात आजारपण फारसं फिरकलं नाही आणि माझ्या घरात खोकल्यानं कायमचा मुक्काम ठोकला. असं का, ते अख्ख्या इमारतीत मला एकटीला कळत होतं, आणि माझी बोलती बंद होती.

बहिणीच्या खोलीत इस्त्रीवाली राहायची, नवरा आणि दोन दांडगट मुलांसोबत. तिची इस्त्री कोळशाची. निखारे पेटले की धूर कोंडायचा, डोळे चुरचुरायचे, म्हणून सकाळी उठल्याउठल्या ती माझ्या बहिणीला सताड उघडायची आणि अंधार पडल्यावरच लोटायची. त्यात शहाणपणा वगैरे काही नव्हता, धंद्याची गरज होती. पण बहिणीचं भलं झालं. दिवसभर तिच्या बिजागऱ्या कुरकुरायच्या आणि ती कुरकुर मी ऐकत राहायचे. कुरकुरायला मिळणं हेही सुखच असतं, ते मला पुढे समजलं.

माझ्या खोलीत घड्याळजी आला. स्वभावानं गरीब, हातानं हलका. घरीच टेबल टाकून घड्याळं दुरुस्त करायचा. टेबल त्यानं उजेडासाठी माझ्यासमोरच मांडलं आणि तिथेच माझं नशीब फिरलं. घड्याळाच्या आत केसाएवढी बारीक स्प्रिंग असते, तिळाएवढे स्क्रू असतात. वाऱ्याची एक झुळूक आली की घड्याळजी जमिनीवर रांगायला लागायचा. बायको म्हणायची, “पुन्हा काय सांडलं?” तो म्हणायचा, “बोलू नकोस, तुझ्या श्वासानंसुद्धा उडेल.”

एका सुट्टीच्या दिवशी त्यानं मला रंग द्यायला काढला. ब्रश भरभरून, सांध्यासांध्यांत, कडीवर, बिजागरीवर, चौकट आणि झडप यांच्यामधल्या फटीतसुद्धा. मला वाटलं, किती मायेनं रंगवतोय. रंग वाळल्यावर त्यानं मला ओढून पाहिलं. मी हलले नाही. त्यानं पुन्हा ओढलं आणि तो चक्क हसला.

“बसली,” तो बायकोला म्हणाला. “आता वाऱ्याची कटकट मिटली.”

मला तेव्हा राग आला होता. तो अजूनही पुरता गेलेला नाही, उगाच खोटं कशाला सांगू.

त्यानंतर त्या खोलीची हवा तीच ती झाली. कोपऱ्यात स्वयंपाक व्हायचा, त्याची वाफ आत. दोरीवर ओले कपडे वाळायचे, त्यांची ओल आत. एकाला सर्दी झाली की ती दुसऱ्याला व्हायची आणि तोवर पहिल्याची पाळी परत यायची. माझ्या काचेवर आतून पाणी जमायचं आणि माझ्याच अंगावरून खाली ओघळायचं. माझं लाकूड फुगायला लागलं. बायको काच पुसताना म्हणायची, “बघा, या खिडकीतून बाहेरचा गारठा आत येतोय.” मग त्या दोघांनी माझ्या कडांना कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. खोकला वाढला की पट्ट्या वाढायच्या आणि पट्ट्या वाढल्या की खोकला वाढायचा. दोन्हींचा संबंध माझ्याशिवाय कुणालाच दिसत नव्हता.

बायकोला दिवस गेले, तेव्हा तिच्या बहिणीनं एक भलंमोठं लाकडी कपाट पाठवून दिलं. ठेवायला जागा नव्हती. घड्याळजीनं खोलीत चहूकडे नजर फिरवली आणि ती येऊन माझ्यावर थांबली.

“खिडकीपुढे लावू या,” तो म्हणाला. “तशीही ती उघडत नाहीच.”

कपाट सरकत सरकत माझ्यापर्यंत आलं आणि खोलीतला शेवटचा दिवा माझ्या नजरेआड झाला. तेव्हापासून माझ्या एका अंगाला रस्ता आणि दुसऱ्या अंगाला कपाटाची पाठ. आतलं फक्त ऐकू यायचं. बाहेरचं फक्त दिसायचं. मी ना धड घरातली राहिले, ना धड बाहेरची. माझ्या शेजारच्या भिंतीवर आधी एक करडा डाग उमटला, मग तो काळा झाला, मग तो कपाटाच्या पाठीवर चढला. मी तो पसरताना रोज बघत होते. दुसरं बघायला होतं काय?

मुलगी जन्मली. लहानखुरी होती, म्हणून सगळे तिला बारकी म्हणायचे. तिचा पहिला टाहो मी कपाटाआडून ऐकला आणि तिचा पहिला खोकलाही. पुढे तिची छाती भरायला लागली. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायची. जिना चढताना ती अर्ध्यावर बसायची आणि आईला सांगायची, “तू हो पुढे, मी येते.” तिची आई पुढे जायची नाही. तीही तिथेच बसायची, आणि दोघी मिळून श्वासाची वाट बघायच्या.

आईनं प्रयत्न करायचे काही बाकी ठेवले नाहीत. ती उकळलेलं पाणी द्यायची, भांडी दोनदा घासायची, बारकीला कानटोपी घालून निजवायची. शेजारच्या दांडग्या मुलांकडे बघून तिचा जीव तुटायचा. शेवटी एकदा गॅलरीत तिनं इस्त्रीवालीला विचारलंच. “तुमच्याकडे कुणी आजारी कसं पडत नाही हो?”

“आजारी पडायला आम्हाला सवड कुठंय वहिनी?” इस्त्रीवाली सहज म्हणाली आणि कपडे घेऊन गेली.

बारकीच्या आईला ते फार लागलं. आत येऊन ती नवऱ्याला म्हणाली, “म्हणजे आपण काय सवड काढून आजारी पडतो? काय बोलणं आहे का हे?” त्यानंतर बरेच दिवस तिनं शेजारी बोलणं टाकलं.

सुट्टीत बारकी मावशीकडे राहायला गेली आणि येताना गाल भरून आली. शिट्टी नाही, खोकला नाही. आई हरखली. “ताईच्या हाताला गुण आहे,” म्हणून तिनं मावशी चोळायची ते तेल मागवलं. दार लावून, पंखा बंद करून ती बारकीला रोज तेल चोळायची. आठवडा जातो न जातो तोच शिट्टी परत सुरू झाली. मग आई म्हणाली, “तेल बदललेलं दिसतंय.”

डॉक्टरांकडून आल्यावर ती एकदा म्हणाली, “डॉक्टर विचारत होते, घरात हवा खेळती आहे ना?”

“मग तू काय सांगितलंस?”

“आहे म्हटलं. पंखा आहे की आपल्याकडे.”

घड्याळजीनं उठून पंख्याचा वेग वाढवला. पंखा बिचारा इमानदार. खोलीत होती ती हवा आणि हवेत होता तो खोकला, सगळं गरगर फिरवून तो तिघांना सारखं वाटत राहिला. मी कपाटामागे ओरडत होते, अगं बाई, मी आहे, मी इथेच आहे. पण माझ्याकडे आवाज म्हणजे बिजागऱ्यांची कुरकुर, आणि ती तर रंगाखाली गाडलेली.

मग बारकीनंच मला शोधलं. त्याचं असं झालं, की आईच्या नकळत ती अधूनमधून इस्त्रीवालीकडे जायची. एकदा घड्या केलेले कपडे पोचवायला तिच्याबरोबर खाली उतरली. रस्त्यावर उभं राहून तिनं वर बघितलं. माझी बहीण उघडी होती, आणि शेजारी मी.

“काकू, ती बंद खिडकी कुणाची?”

“कुणाची म्हणजे? तुमचीच की.”

“आमच्या घराला खिडकीच नाहीये.”

इस्त्रीवाली हसायला लागली. बारकी हसली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणी असं बघितलं नव्हतं. माझी काच मळलेली होती, मला लाज वाटली.

घरी येऊन तिनं कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत हात घातला. आधी बोटं आली, मग मनगट, मग कोपर. धुळीतून चाचपडत ते गरम बोट माझ्या चौकटीला लागलं.

“बाबा, कपाटामागे खिडकी आहे.”

“आहे, पण ती उघडत नाही.”

“का?”

“रंगानं बसलीय. ओढली तर मोडेल. जोर लावून कुठलीच गोष्ट उघडायची नसते, किती वेळा सांगितलंय तुला?”

हे त्याच्या धंद्यातलं ब्रीद होतं. घड्याळाचं झाकण अडलं तर जोर लावायचा नाही, वाट बघायची, तेलाचा थेंब सोडायचा, पुन्हा बघायचं. ते घड्याळांना चालतं. श्वासाला वाट बघायला सांगता येत नाही.

बारकीनं वाद घातला नाही. तिनं बापाच्या टेबलावरचा एक बारीक पेचकस उचलला. शाळा बुडायची त्या दिवशी, आई बाजारात गेली की ती अंग चोरून फटीत शिरायची आणि माझ्या सांध्यातला रंग खरवडायची. मला गुदगुल्या व्हायच्या. एकदा एक लांब पापुद्रा निघाला आणि बाहेरचा वारा दोऱ्याएवढा बारीक होऊन आत आला. बारकीनं त्याला नाक लावलं. आम्ही दोघींनी मिळून तो श्वास घेतला, असं मला वाटलं.

एका दुपारी तिला जोराची धाप लागली. आई घरी नव्हती. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून कामात बुडालेला. त्याला शिट्टी ऐकू आली, नंतर ती घुसमटल्यागत झाली. त्यानं वळून बघितलं तर अंथरूण रिकामं आणि कपाटाच्या कडेला लेकीचे दोन पाय.

“बारके, तिथं काय करतेस?”

“इथून येते,” ती कशीबशी म्हणाली.

“काय येतं?”

“हवा.”

त्यानं आधी लेकीला बाहेर काढून भिंतीशी टेकवून बसवलं. मग कपाटाला खांदा लावला. ते हललं तशी मागची काळी भिंत त्याच्यासमोर आली, वरपासून खालपर्यंत बुरशी. तो बघतच राहिला. त्यानं माझी कडी धरून ओढलं. मी जिवाच्या आकांतानं प्रयत्न केला, खरं सांगते, पण मी फुगले होते, रंगानं जखडले होते, माझ्या हातात काही उरलं नव्हतं. मला उघडायचं तर मोडावंच लागणार होतं. मोडा, मी म्हणत होते, अहो मोडा एकदाचं.

कधी कशाला जोर न लावणाऱ्या त्या माणसानं हातोडी उचलली. दुसऱ्या घावाला माझा कोपरा निखळला, काच फुटून बाहेर गेली, झडप बिजागरीसकट उखडली आणि रस्त्यावरची अख्खी दुपार खोलीत घुसली. टेबलावरचे स्क्रू, स्प्रिंगा, काटे, सगळं भुर्रकन उडालं. त्यानं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लेकीला उचलून त्यानं भगदाडाशी धरलं.

शेजारच्या खिडकीतून इस्त्रीवालीनं डोकं बाहेर काढलं. “अहो, काय तोडताय?”

“खिडकी उघडतोय,” घड्याळजी म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

माझ्या जागी आता नवी खिडकी आहे. भिंत खरवडून धुतली, कपडे गॅलरीत वाळतात. घड्याळजी सुटे भाग मांडले की त्यांच्यावर पाणी प्यायचा काचेचा पेला पालथा घालतो, काही उडत नाही. एवढंच करायचं होतं हो. एक पेला पालथा घालायचा होता. खोकला संपला असं मी म्हणणार नाही. परवाच बारकीची आई शिंकली आणि तिनं दोष नव्या खिडकीला दिला. पण इस्त्रीवालीशी तिचं बोलणं सुरू झालंय. “आम्हालाही हल्ली सवड नसते,” असं काहीतरी ती म्हणत होती, आणि दोघी हसत होत्या.

मी मात्र जिन्याखाली आहे. आधी कपाटामागे होते, आता सायकलीमागे. सवयीची अडगळ आहे, माझं काही नाही. पण आज जे चाललंय ते बघून मला राहवलं नाही, म्हणून तुम्हाला हाक मारली.

तळमजल्यावर नवं जोडपं राहायला आलंय. बाईचे दिवस भरत आलेत. वरचं ते कपाट बारकीच्या आईनं घासूनपुसून, उन्हात वाळवून त्यांना देऊन टाकलं. नवरा आणि त्याचा मित्र ते आत्ता माझ्या समोरून घेऊन गेले. त्यांचं दार उघडं आहे, मला सगळं दिसतंय.

“कुठे लावायचं?” मित्र विचारतोय.

“त्या खिडकीपुढे लाव. तशीही ती उघडत नाही.”

जिन्यावर पावलं वाजतायत. दुसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत, मध्ये कुठेही न थांबता बारकी धावत आली.

“काका, तिथं नका लावू.”

“अगं, ती बसलेली आहे. उघडत नाही ती.”

“आमचीपण नव्हती उघडत,” बारकी म्हणाली आणि तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. “ती बघा ना. तिथं ठेवलीय.”

दोघं वळले. पोट सांभाळत बाईही दाराशी आली. तिघं माझ्याकडे बघतायत. नीट बघा हो माझ्याकडे, हे रंगाचे थर बघा, हे फुगलेलं लाकूड बघा. त्या खिडकीची आणि माझी ओळखदेख नाही, पण तिच्यापुढून ते बाजूला घ्या.

कपाट अजून त्यांच्या हातातच आहे.